उंबऱ्याबाहेरची फौज

पहाटे 5

श्रावणात मैदानावर घोट्याएवढं पाणी साचलं तरी भरतीची पोरं येतात. कळंबोलीची, खांदा कॉलनीची, काही उरणकडून तिघं तिघं एका मोटारसायकलवर. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यापासून पनवेलला माझं हेच काम: सकाळी यांना पळवायचं, मग दिवसभर शिकवायचं. आज 10 ऑगस्ट. या तारखेला गणित आणि सामान्य ज्ञान बाजूला ठेवून मी एकच विषय घेतो. बंडखोर देवळात, मशिदीत, गुरुद्वारात शिरून बसले आणि तोफ आपल्या हाताशी असली, तरी सैन्य का थांबतं?

सकाळी 6.30

दम खात बसलेल्यांपैकी एकाने विचारलंच. "सर, आत अतिरेकी आहेत हे नक्की असेल तर उडवून द्यायचं ना? दगडमातीचं काय, पुन्हा बांधता येतं."

दरवर्षी कुणीतरी हे विचारतं आणि मला त्याचा राग येत नाही. आपला माणूस मरू नये एवढंच त्या पोराच्या मनात असतं. उत्तर लगेच देत नाही. सगळ्यांना गाड्यांवर बसवून शिरढोणला नेतो.

सकाळी 7.15

शिरढोण मुंबई-गोवा महामार्गावर, पनवेलपासून दहा-एक किलोमीटर. वासुदेव बळवंत फडके इथे 4 नोव्हेंबर 1845 रोजी जन्मले. त्यांचे आजोबा जवळच्याच कर्नाळ्याचे किल्लेदार. पनवेलच्या नाट्यगृहाला फडक्यांचं नाव आहे, म्हणून मुलांना ते माहीत असतात. ते पकडले कुठे गेले, हे माहीत नसतं. 1879 च्या उन्हाळ्यात रामोश्यांना घेऊन केलेला उठाव मोडत आला, तेव्हा फडके श्रीशैलला मल्लिकार्जुनाच्या देवळात गेले. तिथून निजामाच्या मुलखात रोहिल्यांची नवी फौज जमवायला लागले. मेजर डॅनियल आणि निजामाचा अधिकारी अब्दुल हक मागावर होतेच. 20 जुलै 1879 रोजी कलादगी जिल्ह्यातल्या एका देवळात फडके त्यांच्या हाती लागले.

बंडखोर देवळाकडे का वळतो, हे पोरांना इथे सांगितलं की पटकन कळतं. भिंती जाड, पाणी जवळ, वाटसरूंत मिसळून जाता येतं आणि मागावरचा शिपाई उंबऱ्याशी क्षणभर तरी घुटमळतो. पण फडक्यांनी देवळाची गढी केली नव्हती, ते निवाऱ्याला गेले होते. त्यांना धरायला इंग्रजांना तोफ लागली नाही. खबर लागली आणि माणसं लागली. निवाऱ्याला घेतलेलं देऊळ एक, आणि मोर्चे बांधून सजवलेलं देऊळ दुसरं. दुसऱ्यात आतला माणूस तुमच्या तोफेची वाटच पाहत बसलेला असतो.

सकाळी 10

फळ्यावर दोन नावं लिहितो. पहिलं जनरल अरुणकुमार वैद्य. आपल्या रायगडचे, अलिबागला 1926 मध्ये जन्मलेले, रणगाड्यांच्या फौजेतले, 1965 आणि 1971 अशा दोन्ही युद्धांत महावीरचक्र मिळवलेले. जून 1984 मध्ये ते लष्करप्रमुख होते. दुसरं मेजर जनरल कुलदीपसिंग ब्रार. हे शीख, पण पलटण मराठ्यांची: 1971 ला जमालपूरच्या लढाईत ते 1 मराठा, म्हणजे जंगी पलटणीचे कमांडिंग ऑफिसर होते. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात मोर्चे बांधून बसलेल्या अतिरेक्यांवरच्या कारवाईची जबाबदारी याच ब्रारांवर होती. आपल्या रेजिमेंटचा इतका जवळचा माणूस त्या रात्री तिथे होता, म्हणून हा विषय मी नुसता पुस्तकातून शिकवू शकत नाही.

हुकूम स्पष्ट होता: हरमंदिर साहिब, म्हणजे मुख्य सुवर्णमंदिराच्या दिशेने गोळी चालवायची नाही, तिकडून आली तरी नाही. 5 जूनच्या रात्री जवान परिक्रमेच्या संगमरवरावर उतरले तेव्हा समोर आडोसा नव्हता. त्याच आवारातल्या अकाल तख्तची मोर्चेबंदी मेजर जनरल शाबेगसिंग यांनी केलेली. हा माणूस आपल्याच सैन्यातून गेलेला, 1971 ला मुक्तिवाहिनीला शिकवलेला. आपण कुठून येणार हे त्याला पाठ होतं. खिडक्यांत वाळूची पोती, पायऱ्यांलगत जमिनीच्या उंचीवर मशीनगनी. पहिल्या तुकड्या कापल्या गेल्या. आत पाठवलेली चिलखती गाडी रॉकेटने निकामी झाली. शेवटी रणगाडे आणले आणि 6 जूनला अकाल तख्तवर गोळे पडले.

इथे मी खडू खाली ठेवतो. त्या रात्री रणगाडा मागणाऱ्या अधिकाऱ्याला मी दोष देत नाही. त्याची माणसं त्याच्या डोळ्यांदेखत पडत होती. माझं म्हणणं त्याच्या आधीच्या दिवसांबद्दल आहे. 3 जून हा गुरू अर्जनदेवांचा शहीद दिवस, आवार यात्रेकरूंनी भरलेलं. तोच आठवडा धरला गेला आणि काम एका रात्रीत उरकायचं ठरलं. घाई झाली की संयमाचा हुकूम कागदावर राहतो आणि पहाटेपर्यंत मोडतो.

मग हिशेब मांडतो. सरकारी श्वेतपत्रिकेत सैन्याचे 83 मृत्यू, आतले अतिरेकी आणि सामान्य लोक मिळून 493. इतरांचे अंदाज याहून बरेच मोठे. शीख संदर्भ ग्रंथालय जळालं. त्यानंतरचा भाग मुलांच्या कानावर कधी पडलेला नसतो. तेव्हा बिहारमध्ये असलेल्या रामगढला शीख रेजिमेंटच्या केंद्रातले जवान बंड करून अमृतसरकडे निघाले, त्यांचे कमांडंट ब्रिगेडियर पुरी मारले गेले. इतरही काही ठाण्यांत तेच घडलं. आपल्या सैन्यात प्रत्येक पलटणीला धर्मगुरू असतो, सर्वधर्म स्थळ असतं, सणाला सगळे तिथे उभे राहतात. म्हणून आपल्याकडे प्रार्थनास्थळावर पडलेला गोळा शत्रूच्याच घरावर पडत नाही, आपल्याच बराकीवरही पडतो. परदेशी फौजेला हा प्रश्न इतक्या जवळून भेटत नाही.

सकाळच्या त्या पोराने दगडमातीचं म्हटलं होतं. सरकारने अकाल तख्त दुरुस्त करून दिलं. शिखांनी 1986 मध्ये ते स्वतः पाडलं आणि कारसेवेने पुन्हा उभारलं. त्या गोळ्यांची भरपाई त्यांना सरकारच्या हातून नको होती.

आणि 10 ऑगस्ट 1986. निवृत्त होऊन सहा महिने झालेले जनरल वैद्य पुण्यात स्वतः गाडी चालवत बाजारातून घरी निघाले होते. अमृतसरचा सूड म्हणून मोटारसायकलवरून आलेल्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. शेजारी बसलेल्या पत्नीही जखमी झाल्या. आम्ही एक मिनिट उभे राहतो.

दुपारी 1.30

डबा. या सुट्टीत मी फार बोलत नाही.

दुपारी 2.30

दुपारचा तास मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तेच आवार, तसेच मोर्चे आणि वेगळा निकाल. 9 मे 1988 ला सुवर्णमंदिराच्या आवारातून आलेल्या गोळीने सीआरपीएफचे सरबदीपसिंग विर्क जबड्याला जखमी झाले. हे महाराष्ट्र केडरचे आयपीएस अधिकारी, पुढे आपल्या राज्याचे पोलिस महासंचालक झाले. आत धावून जायला याहून मोठं कारण काय हवं होतं? पंजाबचे पोलिसप्रमुख के.पी.एस. गिल यांच्या पोलिसांनी आणि एनएसजीने वेढा घातला आणि ते थांबले. वीज तोडली, पाणी तोडलं. भोवतालच्या उंच इमारतींवर नेमबाज बसवले. उघड्यावर हत्यार घेऊन दिसला तोच टिपायचा. मे महिन्याचं ऊन, समोर भरलेलं सरोवर आणि तिथवर जाता येत नाही. पत्रकारांना हाकललं नाही, त्यांना बघू दिलं. शरण या म्हणून ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा सांगितलं. 15 आणि 18 मेला मिळून सुमारे 200 जण हात वर करून बाहेर आले. गाभाऱ्यात आतल्यांनी केलेली घाण आणि आवारात पुरलेली प्रेतं लोकांनी पाहिली. पंजाबात 1984 सारखा उद्रेक या वेळी झाला नाही, कारण विटंबना कुणी केली हे सगळ्यांना दिसलं होतं.

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "म्हणजे वेढा घातला की जमतंच का?"

नाही. श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यात पैगंबरांचा केस जपलेला आहे. 15 ऑक्टोबर 1993 ला तिथे सैन्याने वेढा दिला आणि महिनाभर वाटाघाटी करून 16 नोव्हेंबरला तो संपवला. दर्ग्याला ओरखडा आला नाही. पण याच वेढ्याच्या निषेधार्थ निघालेल्या लोकांवर 22 ऑक्टोबरला बिजबेहाऱ्यात गोळीबार झाला आणि कित्येक माणसं मेली. दर्गा राखला आणि रस्त्यावर माणसं मारली, तर त्या राखण्याचं श्रेय कोण देईल? 1995 ला चरार-ए-शरीफमध्ये नुंद ऋषींचा लाकडी दर्गा वेढा चालू असतानाच मे महिन्यात जळून गेला. आग कुणी लावली यावर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या आणि आत बसलेल्या अतिरेक्यांचा म्होरक्या मस्त गुल निसटला. वेढा म्हणजे निवांत बसून राहणं नव्हे. बाहेर पडायच्या वाटा, आगीचे बंब, गावातली वडीलधारी माणसं, शेजारच्या मोहल्ल्यातला संताप, सगळ्यावर लक्ष लागतं.

जगातली दोन उदाहरणं देतो. ऑगस्ट 2004 मध्ये इराकच्या नजफला अमेरिकी फौज इमाम अलींच्या दर्ग्याभोवती पोचली, आत बंडखोर शिया नेता मुक्तदा अल-सद्रची माणसं होती. विमानं, रणगाडे सगळं होतं. दर्ग्याला हात लावला असता तर जगभरचे शिया पेटले असते. शेवटी लंडनहून परतलेल्या आयातुल्ला सिस्तानींनी तोडगा काढला. 1944 ला इटलीतल्या माँटे कॅसिनोचा मठ मात्र बॉम्बफेकीत उद्ध्वस्त केला गेला आणि जर्मनांना लढायला ते ढिगारेच अधिक सोयीचे झाले. भिंत पडली की आडोसा जात नाही, हे पायदळाच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

दुपारी 4.30

कायद्याचा तास लहान. 1954 चा हेग करार भारताने स्वीकारला आहे. सांस्कृतिक वारशावर हल्ला करू नका आणि त्याचा लष्करी वापरही करू नका, असं तो दोन्ही बाजूंना सांगतो. लष्करी निकडीची सूट त्यात आहे, पण निकड खरी असावी लागते. 1988 मध्ये देशात कायदा झाला: प्रार्थनास्थळात हत्यारं साठवू दिली, गुन्ह्यातल्या आरोपीला किंवा गुन्हेगाराला आसरा दिला, तर पाच वर्षांपर्यंत कैद. शिखांचं कृपाण आणि पूजेतली शस्त्रं त्यातून वगळलेली आहेत.

कागदावर कायदा नव्हता तेव्हाचंही सांगतो. शिवाजी महाराजांवर आग पाखडणारा खाफीखान, त्यालाही लिहावं लागलं की मशिदीला, कुराणाला आणि कुणाच्या बायकांना त्रास द्यायचा नाही असा या माणसाचा नियम होता. त्यात धर्मबुद्धी होतीच. राज्य उभारणाऱ्याची दूरदृष्टीही होती, असं मी मानतो. ज्या मुलखात उद्या आपल्याला वसूल घ्यायचा आहे, न्याय द्यायचा आहे, तिथल्या माणसाच्या देव्हाऱ्यावर घाव घालून चालत नाही.

संध्याकाळी 6

पुन्हा सकाळचाच मुलगा. "सर, थांबण्यात आपलाच जवान गेला तर त्याच्या आईला काय सांगायचं?"

हा प्रश्न टाळता येत नाही आणि मी टाळत नाही. परिक्रमेवर पडलेल्या कित्येकांचा जीव त्या एका हुकुमापायी गेला. म्हणूनच हुकूम देणाऱ्यावर दुप्पट जबाबदारी येते: गोळी चालवू नको म्हणताना त्याने जवानाला आडोसा, वेळ आणि दुसरं साधन द्यायलाच हवं. जून 2020 मध्ये पांपोरजवळच्या मीजला दोघे अतिरेकी मशिदीत शिरले. मशिदीवर गोळीबार झाला नाही, स्फोटकं लावली गेली नाहीत. अश्रुधुराच्या नळकांड्या वापरल्या आणि रात्र जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी कारवाई संपली, मशीद उभी होती. संयमाला हत्यारं लागतात, सराव लागतो. नुसती छाती पुरत नाही.

रात्री 8.30

मुलांना मी एक नकाशा दिला होता: टेकडीवर देऊळ, आत आठ बंडखोर, दोन पुजारी ओलीस, पायथ्याशी बाजार. वीस ओळींत हुकूम लिहा. वह्या तपासतोय. निम्म्यांनी पाणी तोडलं, पण ओलिसांनाही तहान लागते हे विसरले. तिघांनी बाजार रिकामा केला. सकाळच्या मुलाने तोफ खोडून दोन नेमबाज आणि गावचा पाटील लिहिलाय. मागच्या बाकावरच्या मुलीचा हुकूम सगळ्यांत चांगला आहे: आगीचा बंब आहे, डॉक्टर आहे, रात्रीचे प्रकाशझोत आहेत, पहारा दर चार तासांनी बदलतो. लाल शाईने एकच ओळ घालतो: पत्रकार कुठे उभे राहतील ते लिही.