जुन्या गाडीचे नवे नियम

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागले की हडपसर मागे पडते आणि थोड्याच वेळात लोणी काळभोर येते. तेथे आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या अंगणात १९६५ सालची फियाट ‘डिलाइट’ उभी असते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सी.सी.चे इंजिन, गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी, आणि रंग गृहस्थांच्या वडिलांनी गाडी घरी आणली त्या दिवशीचाच. बॉनेटवर तो फिका पडला आहे, दाराशी घासला गेला आहे, एवढेच.

ही गाडी जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात न्यायची असे घरात ठरले. नातवाने कोठून तरी परीक्षकांच्या एका नियमपुस्तिकेची प्रत पैदा केली. रंगावर ओरखडा दिसला की गुण कापायचे, असे तीत होते. झाले! पेंटरला बोलावणे गेले, रंग खरवडायचा दिवसही ठरला. आदल्या संध्याकाळी सूनबाईंनी पुस्तिका चाळता चाळता सहज विचारले, “बाबा, ही आवृत्ती कोणत्या सालची?”

शोध घेतला तेव्हा ती कितीतरी जुनी निघाली. नव्या आवृत्तीत मूळ रंग जपलेल्या गाड्यांसाठी निराळा वर्गच होता! पेंटर आल्या पावली परत गेला. एकदा खरवडलेला रंग मात्र कोणत्याही आवृत्तीने परत दिला नसता.

वाचक म्हणतील, गाडी जुनी, मग नियम का बदलावेत? कारण गाडी बदलत नसली तरी तिच्याविषयीची माहिती वाढत असते. १९३५ साली स्थापन झालेला ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ ४०० गुणांची परीक्षा घेतो. कसोटी एकच: विक्रेत्याने ग्राहकाच्या हवाली करण्यासाठी गाडी जशी तयार केली असती, तशी ती असावी. त्याहून अधिक चकाकी आणली तर जादा गुण नाहीत. पण ती मुळात कशी होती, हे सांगणार कोण? कॉर्व्हेट गाड्यांच्या शौकिनांची १९७४ पासूनची संस्था त्यासाठी निरनिराळ्या सालांच्या गाड्यांची निरनिराळी पुस्तके काढते. एखादी हात न लागलेली गाडी उजेडात आली आणि काळा समजलेला बोल्ट बिनरंगी निघाला, की ते पान बदलावे लागते.

रुचीही बदलते. कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या प्रसिद्ध प्रदर्शनात, जे १९५० पासून भरते, २०२४ साली १९३४ ची एक बुगाटी सर्वश्रेष्ठ ठरली. नव्याने न सजवता जपलेल्या गाडीला तेथे हा मान प्रथमच मिळाला.

आपल्याकडे तर सरकारनेच दंडक घातला आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडीच ‘व्हिंटेज’. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये.

तेव्हा ज्यांच्या दारी अशी गाडी असेल त्यांनी एक साधी वही घालावी. पुस्तिका हाती येताच तिचे साल आणि मिळाल्याची तारीख पहिल्या पानावर लिहावी. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी रद्दीत देऊ नये. दोन्ही शेजारी ठेवून काय बदलले ते वहीत उतरवावे. प्रदर्शनाआधी कोणती आवृत्ती लागू आहे ते संयोजकांना विचारावे. गॅरेजची बिले आणि जुने फोटो त्याच वहीत डकवावेत. कित्येकदा पुस्तिकेपेक्षा तेच खरे साक्षीदार ठरतात. आणि नियम नीट कळेपर्यंत गाडीला कानस लावू नये.

लोणीच्या फियाटला बक्षीस मिळाले नाही. बाहेरचा आरसा मागाहून बसवलेला आहे, असे परीक्षकांनी दाखवले. गृहस्थांनी ते तेथेच वहीत टिपून घेतले, तारखेसह. नंतर घरी जुने फोटो काढून पाहिले, तो काय, परीक्षकांचेच बरोबर! आता मूळ आरशाचा शोध चालू आहे.