बिऱ्हाड तुल्साला, माणसं दुसरीकडे

डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्यातल्या सर्वांत वाईट मोसमाचा विक्रम तुल्सा शॉक या संघाच्या नावावर आहे. २०११चा उन्हाळा : ३४ सामने, ३ विजय, ३१ पराभव. त्यांतले २० पराभव ओळीने. १९९८मध्ये वॉशिंग्टन मिस्टिक्सनेही आपल्या पहिल्या मोसमात तीनच सामने जिंकले होते. पण तेव्हा मोसम ३० सामन्यांचा होता, त्यामुळे टक्केवारीत तुल्साच खाली राहते.

असा आकडा दिसला की पहिला संशय खेळाडूंवर जातो. पोरींना जमलं नाही, असं म्हणून वाचक पान उलटतो. पण त्या मोसमाचे कागद नीट लावून पाहिले, तर संघातल्या अकरा जणींनी मैदानावर पाऊल टाकण्याआधीच बराचसा निकाल लागून गेला होता, असं दिसतं. संघ विकण्याचा आणि हलवण्याचा निर्णय, प्रशिक्षकाची निवड आणि नव्या खेळाडूंच्या वाटपाची सोडत, या तिन्ही गोष्टी त्यांच्या हातात नव्हत्या.

डेट्रॉइटचं वैभव

तुल्सा शॉक हा मुळात डेट्रॉइट शॉक. २००२मध्ये हाच संघ लागोपाठ १० सामने हरला, तेव्हा बिल लँबीअर यांना प्रशिक्षक म्हणून आणलं गेलं. लँबीअर म्हणजे १९८९ आणि १९९०मध्ये एनबीए या पुरुषांच्या लीगचं विजेतेपद जिंकणाऱ्या डेट्रॉइट पिस्टन्सचे दांडगट सेंटर. २००२चा तो मोसम ९ विजय आणि २३ पराभवांवर संपला. पुढच्याच वर्षी २५ सामने जिंकून डेट्रॉइट विजेता झाला. तळाचा संघ वर्षभरात शिखरावर गेल्याचं असं उदाहरण लीगने आधी पाहिलं नव्हतं. २००३च्या अंतिम फेरीतल्या निर्णायक सामन्याला पॅलेस ऑफ ऑबर्न हिल्समध्ये २२,०७६ प्रेक्षक होते. महिलांच्या लीगसाठी तो तेव्हाचा विक्रम होता.

२००६ आणि २००८मध्येही विजेतेपद डेट्रॉइटकडेच आलं. डीना नोलन, केटी स्मिथ, शेरिल फोर्ड, प्लेनेट पिअर्सन आणि २००८च्या मोसमात मध्येच येऊन मिळालेली ताज मॅकविल्यम्स-फ्रँकलिन हा त्या संघाचा कणा होता. नोलन तर मिशिगनमधल्याच फ्लिंटची, घरची मुलगी.

मार्च २००९मध्ये मालक बिल डेव्हिडसन वारले. मिशिगनचा मोटारउद्योग तेव्हा मंदीच्या तडाख्यात सापडला होता आणि महिलांचा संघ चालवणं हा घाट्याचा व्यवहार होता. जूनमध्ये लँबीअर यांनी पद सोडलं. ऑक्टोबरमध्ये संघ ओक्लाहोमातल्या गुंतवणूकदारांना विकला गेल्याचं आणि तो तुल्साला जाणार असल्याचं जाहीर झालं. तुल्सा हे तेलाच्या पैशावर वाढलेलं शहर. सीझर पेली यांच्या आराखड्यावर बांधलेलं बीओके सेंटर हे क्रीडागृह २००८मध्येच तिथे खुलं झालं होतं. त्याच वर्षी सिएटलचा एनबीए संघ शेजारच्या ओक्लाहोमा सिटीत आला होता. आपल्याही शहराचा एक संघ असावा, ही तुल्साकरांची इच्छा समजण्यासारखी होती.

संघाचं नाव आलं, करार आले, नव्या खेळाडूंच्या निवडीचे, म्हणजे ड्राफ्टमधले, हक्क आले. माणसं मात्र आली नाहीत. नोलन रशियातल्या येकातेरिनबर्गला खेळत राहिली, ती परतलीच नाही. केटी स्मिथ वॉशिंग्टनला गेली, मॅकविल्यम्स-फ्रँकलिन न्यूयॉर्कला. फोर्डही तुल्साच्या गणवेशात कधी दिसली नाही. पिअर्सन तुल्साला आली, पण २०१०च्या जूनमध्येच तिची न्यूयॉर्कशी अदलाबदल झाली. बिऱ्हाड हललं, भांडी-कुंडी पोहोचली, पण घरातली कर्ती माणसं वाटेतच उतरून गेली, असा तो प्रकार.

खेळाडूंना यात दोष देता येत नाही. त्या काळात या लीगमधला मोठ्यात मोठा पगारही वर्षाला साधारण १ लाख डॉलरच्या घरात होता. रशिया किंवा तुर्कस्तानातल्या हिवाळी मोसमात नामवंत खेळाडूला त्याच्या कितीतरी पट मिळायचे. म्हणजे पोटापाण्याचं काम युरोपात आणि अमेरिकेतला उन्हाळा ही दुय्यम नोकरी. विजेतेपदाची आशा आणि ओळखीचं शहर, ही दोन कारणं असतील तर ती नोकरी करायची. तुल्साकडे तेव्हा दोन्ही नव्हती.

चाळीस मिनिटांचा नरक

नव्या मालकांनी प्रशिक्षक आणि महाव्यवस्थापक ही दोन्ही पदं नोलन रिचर्डसन यांना दिली. तुल्सात हे नाव आदराने घेतलं जात होतं. १९८१मध्ये त्यांनी तुल्सा विद्यापीठाच्या पुरुष संघाला एनआयटी ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली होती आणि १९९४मध्ये अर्कान्सास विद्यापीठाला एनसीएए हे महाविद्यालयीन विजेतेपद. कृष्णवर्णीय प्रशिक्षकांसाठी अनेक दारं त्यांनी पहिल्यांदा उघडली होती. तिकीटविक्रीच्या दृष्टीने याहून चांगलं नाव त्या शहरात सापडलं नसतं. पण महिलांच्या व्यावसायिक संघाला त्यांनी आधी कधीच शिकवलं नव्हतं.

त्यांच्या खेळाला ‘चाळीस मिनिटांचा नरक’ म्हणत. प्रतिस्पर्ध्याने बास्केटखालून चेंडू आत टाकला की तिथपासूनच त्याला घेरायचं. चेंडू असलेल्या खेळाडूवर दोघींनी एकदम चालून जायचं, तिला बाजूच्या रेषेकडे ढकलायचं, घाबरवून वाईट पास करायला लावायचं. हे संपूर्ण मैदानभर आणि पूर्ण वेळ. महाविद्यालयीन संघांत हे चालतं. तिथे १९-२० वर्षांचा, मोठ्या दडपणाचा अनुभव नसलेला मुलगा गोंधळतो. बाकावर दमदार मुलांची रांग असते, त्यामुळे थकलेल्यांना पाच-पाचच्या तुकड्यांनी बदलता येतं. चाल रचायला तेव्हा ३५ सेकंद असायचे, त्यामुळे घाईला भाग पाडलं की समोरच्याची लय तुटायची.

डब्ल्यूएनबीएत घड्याळ २४ सेकंदांचं, म्हणजे घाईची सवय सगळ्यांनाच. समोरची गार्ड दहा-दहा वर्षं युरोपात खेळून आलेली. दोघी तिच्या अंगावर आल्या की ती शांतपणे डोक्यावरून एक पास देते. त्या एका पासात दोन बचावपटू मागे पडतात आणि पुढे बास्केटकडे चार विरुद्ध तीन अशी चाल सुरू होते. शेवट बहुतेक वेळा अगदी सोप्या ले-अपने. शिवाय संघात तेव्हा अकराच खेळाडू ठेवता येत आणि साडेतीन महिन्यांत ३४ सामने उरकायचे असत. सरावाला वेळ नाही, विश्रांतीला नाही. अशा वेळापत्रकात रोज चाळीस मिनिटं धावायला लावलं, तर तो नरक स्वतःच्याच पोरींच्या वाट्याला येतो.

२०१०मध्ये पहिला मोसम ६ विजय आणि २८ पराभवांवर संपला. त्या संघात ३४ वर्षांची मॅरियन जोन्सही होती. १९९४मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवलेली, पुढे सिडनी ऑलिम्पिकमधली पाच पदकं उत्तेजकांच्या प्रकरणात गमावलेली आणि तुरुंगवास भोगून आलेली धावपटू. तिला दुसरी संधी देणं माणुसकीचं होतं आणि त्यामुळे संघाचं नाव वर्तमानपत्रांतही आलं. पण अकरा जागांच्या संघात प्रत्येक जागेची किंमत असते.

सोडतीतले चेंडू

या लीगमध्ये पराभवाची भरपाई ठरलेली आहे. तळाच्या संघांना महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंमध्ये आधी निवडीचा हक्क मिळतो. मात्र कोणी मुद्दाम हरू नये, म्हणून पहिल्या क्रमांकासाठी सोडत निघते. सर्वांत वाईट संघाची शक्यता सर्वांत जास्त, पण खात्री नाही.

२०१०मध्ये तुल्सा तळाला होता. सोडतीत पहिला क्रमांक मिनेसोटा लिंक्सला गेला, तुल्साच्या वाट्याला दुसरा आला. २०११च्या ड्राफ्टमध्ये पहिली होती कनेक्टिकटची माया मूर. मिनेसोटाने तिला घेतलं. तुल्साने घेतली लिझ कँबेज : ऑस्ट्रेलियाची, १९ वर्षांची, सहा फूट आठ इंच उंचीची सेंटर. तुल्साला जायची आपली इच्छा नाही, हे तिने आधीच उघडपणे सांगितलं होतं. तरी ती आली, चांगली खेळली आणि पहिल्याच वर्षी ऑल-स्टार सामन्यासाठी निवडली गेली. पण माया मूर तयार संघात गेली होती. तिथे लिंडसे व्हेलन, सिमोन ऑगस्टस, रिबेका ब्रन्सन आधीच होत्या. कँबेजला मात्र कोवळ्या वयात कोसळणाऱ्या घराचा खांब व्हावं लागलं.

हरण्याची सवय

२०११च्या पहिल्या ११ सामन्यांत तुल्साने एकच जिंकला. ८ जुलैला रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. सूत्रं आली सहायक टेरेसा एडवर्ड्स यांच्याकडे. खेळाडू म्हणून एडवर्ड्स यांची थोरवी वादातीत. १९८४ ते २००० अशा पाच ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णं आणि एक कांस्य. पण चालू मोसमात, दुसऱ्याने निवडलेला आणि दुसऱ्याच पद्धतीसाठी बांधलेला संघ घेऊन कोणीही काय करणार? जोन्सला जुलैमध्येच मुक्त केलं गेलं. एडवर्ड्स यांच्या हाताखाली तुल्साने २३ पैकी २ सामने जिंकले.

त्या उन्हाळ्यात टिफनी जॅक्सन या फॉरवर्डने सामन्यामागे सरासरी १२हून अधिक गुण आणि ८हून अधिक रिबाउंड मिळवले. तिच्या कारकिर्दीतला तो सर्वोत्तम मोसम. हरणाऱ्या संघातल्या अशा खेळाचं मोल फार कमी जण करतात. संघ सतत मागे असताना चेंडूसाठी रोज उडी मारायला वेगळीच जिद्द लागते. २०२२मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने ती गेली.

संघात शेरिल स्वूप्सही होती. डब्ल्यूएनबीएने करारबद्ध केलेली पहिली खेळाडू, ह्यूस्टन कॉमेट्सच्या १९९७ ते २०००च्या सलग चार विजेतेपदांमधली एक, तीन ऑलिम्पिक सुवर्णांची मानकरी, तीनदा लीगमधली सर्वोत्तम. दोन मोसम लीगबाहेर राहून ती तुल्साला आली तेव्हा चाळिशीला पोहोचली होती.

२६ ऑगस्टला लॉस एंजेलिस स्पार्क्सविरुद्ध शेवटच्या क्षणी गुण ७५-७५. ओळीने २० पराभव पाठीशी. अशा वेळी नवखा संघ घाबरून चेंडू घालवतो आणि हा संघ तर तेच करत आला होता. चेंडू स्वूप्सकडे गेला. २.९ सेकंद उरले असताना तिने तो जाळ्यात घातला. ७७-७५. पराभवांची मालिका थांबली. त्यानंतर आणखी एक सामना तुल्साने जिंकला आणि मोसम संपला.

त्याच वर्षी मिनेसोटाने २७ सामने जिंकले आणि अंतिम फेरीत अटलांटाला ३-० हरवून विजेतेपद मिळवलं. मिनेसोटाची सेंटर होती ताज मॅकविल्यम्स-फ्रँकलिन, वयाने जवळपास स्वूप्सएवढीच. डेट्रॉइटच्या २००८च्या विजेत्या संघातली अलेक्सिस हॉर्नबकलही तिच्या जोडीला होती. दोघींचेही हक्क कधीकाळी ज्या फ्रँचायझीकडे होते, ती फ्रँचायझी त्याच वेळी तळाला होती. चाळिशीची एक खेळाडू करंडक उचलते आणि दुसरी विसाव्या पराभवानंतरचा सामना वाचवते, यातला फरक कौशल्याचा कमी आणि आजूबाजूच्या घडीचा जास्त.

भरपाई आली, तोवर

लीगच्या इतिहासातल्या सर्वांत वाईट मोसमानंतर तरी पहिला क्रमांक मिळायला हवा होता. २०१२च्या सोडतीत तुल्सा चौथ्या क्रमांकावर घसरला. त्याहून खाली जाण्याची सोयच नव्हती. पहिली निवड, स्टॅनफर्डची नेका ओगूमिके, लॉस एंजेलिसला गेली. तुल्साने टेनेसीची ग्लोरी जॉन्सन घेतली. ऑलिम्पिकच्या त्या वर्षात कँबेज तुल्साकडे फिरकली नाही. २०१३मध्ये ब्रिटनी ग्रायनर, एलेना डेल डॉन आणि स्कायलर डिगिन्स अशा तिघींचा गाजावाजा झाला. तुल्साला तिसरी, डिगिन्स मिळाली.

तरीही संघ हळूहळू सावरला. २०१२मध्ये ९ विजय, मग ११, मग १२. २०१५मध्ये १८ विजय आणि पहिल्यांदाच प्ले-ऑफ, तेही डिगिन्स जूनमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेल्यावर. आणि त्याच मोसमाच्या मध्यावर, जुलै २०१५मध्ये, मालकांनी जाहीर केलं की संघ डॅलस-फोर्ट वर्थला हलणार. आज तो डॅलस विंग्ज म्हणून ओळखला जातो.

डेट्रॉइटने २००२चा तळ पाहिला, पण त्याची फळं २००३मध्ये त्याच शहराने चाखली. तुल्साने पाच पडते उन्हाळे सोसले आणि संघ उभा राहिला तेव्हा तो टेक्सासला गेला. तळाच्या संघाला चांगले खेळाडू देऊन समतोल साधणारी ही व्यवस्था फ्रँचायझीला भरपाई देते, शहराला आणि त्या अकरा जणींना नाही. एडवर्ड्स, जॅक्सन, कँबेज यांच्या नावापुढे ३–३१ कायमचं लिहिलं गेलं. ज्यांनी संघ विकला, घेतला, हलवला, त्यांच्या नावापुढे तो आकडा कुठल्याही तक्त्यात लावलेला नाही. खेळाच्या विक्रमांचं पुस्तक वाचताना मालकांचा रकाना आपण आपल्या हाताने आखून घ्यावा, म्हणजे कोणाचा मोसम वाईट गेला याचा हिशेब पुरा होतो.