आम्लपित्तावरील गोळी आणि इतर औषधे

तिखट, तेलकट जेवण किंवा जागरण यांमुळे छातीत जळजळ होऊ लागली की, आम्लनाशक गोळी चघळली जाते किंवा पांढऱ्या पातळ औषधाचे दोन चमचे घेतले जातात. ही औषधे सहज मिळतात व त्वरित आराम देतात. त्यामुळे ती सर्वस्वी निरुपद्रवी आहेत, असा समज रूढ झाला आहे. तथापि, त्याच वेळी दुसऱ्या रोगावर उपचार चालू असतील, तर हा समज महागात पडू शकतो.

आम्लनाशकांमध्ये प्रामुख्याने ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम यांचे क्षार असतात. जठरातील आम्लाचे उदासीनीकरण करणे हे त्यांचे कार्य होय. परंतु हेच क्षार काही औषधांना चिकटून त्यांची अविद्राव्य संयुगे बनवितात. अशी संयुगे आतड्यातून रक्तात शोषली जात नाहीत. रुग्ण गोळी नियमितपणे घेतो. पण तिचा पुरेसा अंश रक्तात पोहोचतच नाही.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी वैद्यकीय सल्ल्याने दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन, तसेच सिप्रोफ्लॉक्सासिन व लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके यांची ठळक उदाहरणे आहेत. थायरॉइडच्या विकारावरील थायरॉक्सिनचे शोषणही असेच घटते. क्षयरोगावरील आयसोनियाझिडचे शोषण ॲल्युमिनियमयुक्त आम्लनाशकामुळे कमी होते. क्षयरोगाचे औषध अपुरे पडल्यास रोग बळावण्याचा, तसेच जंतू औषधाला दाद न देण्याचा धोका संभवतो.

गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत विशेष दक्षता अगत्याची आहे. रक्तक्षय टाळण्यासाठी त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि लोहाच्या शोषणास जठरातील आम्ल साहाय्यभूत ठरते. गर्भारपणात जळजळीचा त्रासही अनेकींना होतो. अशा वेळी दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्यास लोहाचा लाभ कमी होतो. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये.

काही गोळ्यांवर आम्लात न विरघळणारे आवरण असते. आम्लनाशकामुळे ते आतड्याऐवजी जठरातच विरघळून जठराच्या आतील अस्तराचा दाह होऊ शकतो. अशा गोळ्या आम्लनाशकाबरोबर घेणे टाळावे. खाण्याच्या सोड्यात सोडियम असल्याने रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांनी तो वारंवार घेणे हितावह नाही.

यावरील उपाय सोपा आहे. सर्वसाधारणपणे आम्लनाशक व इतर औषध यांत किमान 2 तासांचे, तर थायरॉक्सिनच्या बाबतीत 4 तासांचे अंतर ठेवावे. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांसारख्या आम्लाची निर्मितीच रोखणाऱ्या औषधांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. तेथे केवळ अंतर ठेवून भागत नाही, डॉक्टरांचा सल्लाच आवश्यक असतो. जळजळ होते म्हणून क्षयरोगाची किंवा लोहाची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

जळजळ वारंवार होत असेल, तर तिचे कारण शोधणे श्रेयस्कर. डॉक्टर अथवा आरोग्यसेविका चालू औषधांची चौकशी करतात, तेव्हा आम्लपित्तावरील साध्या गोळीचाही उल्लेख अवश्य करावा. एवढी दक्षता घेतल्यास चालू उपचारांचा पूर्ण लाभ रुग्णाला मिळू शकेल.