१८ सप्टेंबरच्या सकाळी काय झालं?

१७ सप्टेंबर म्हटलं की काय आठवतं? झेंडावंदन, शाळेतलं भाषण, रझाकार, सरदार पटेल आणि ‘पोलीस ॲक्शन’. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा निजामाच्या हद्दीत शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजामाने हार मानली. भाषण इथंच संपतं, टाळ्या पडतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी परतूरच्या बाजारात भाजी घ्यायला गेलेल्या माणसाच्या खिशात नोट कोणाची होती, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय?

निजामाचीच होती. तिला हाली सिक्का म्हणत. सात हाली रुपये दिले की सहा भारतीय रुपये मिळायचे. मुक्ती मिळाली म्हणून नोट एका रात्रीत बदलत नाही, त्यामुळे पुढची काही वर्षं दोन्ही चलनं बाजारात सोबतच चालली. कापूस विकताना, सावकाराचं देणं फेडताना प्रत्येक वेळी सातास सहाचा हिशेब. ज्याला हिशेब येत नाही त्याचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

हैदराबाद म्हणजे काही एखादं छोटं संस्थान नव्हतं. स्वतःचं चलन, स्वतःची रेल्वे, स्वतःचं टपाल, सरहद्दीवर स्वतःची जकात आणि सरकारी कामाला उर्दू. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने आपली तक्रार थेट संयुक्त राष्ट्रसंघात नेली होती. म्हणजे आपल्या पणजोबांनी जे पाहिलं, ते जवळजवळ एका देशाचं बंद होणं आणि दुसऱ्यात मिसळणं होतं.

नवा देश उभा राहताना किती गोष्टी एकदम अंगावर येतात, याचं ताजं उदाहरण आपल्या वयाच्या पोरांनी पाहिलंय. आपण प्राथमिक शाळेत होतो तेव्हा, ९ जुलै २०११ ला, आफ्रिकेत दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. सार्वमतात जवळपास ९९ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं होतं. त्याच महिन्यात नवं चलन आलं. कारभाराची भाषा इंग्रजी ठरली, पण अनेकांचं शिक्षण अरबीत झालेलं. जमिनीखाली तेल भरपूर, पण समुद्र नाही. तेल न्यायची पाईपलाईन ज्यांच्यापासून वेगळे झाले त्या सुदानमधूनच जाणार. भाड्यावरून भांडण झालं आणि जानेवारी २०१२ मध्ये दक्षिण सुदानने आपलं तेलच बंद केलं. सरकारचं जवळजवळ सगळं उत्पन्न त्या तेलावर! उत्पादन पुन्हा सुरू व्हायला सव्वा वर्ष लागलं. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि आधीचे उपराष्ट्राध्यक्ष रीक माशार यांच्या गटांत युद्ध पेटलं. काल एकाच बाजूने लढलेली माणसं ही.

आता परत आपल्याकडे या. आपली पाईपलाईन म्हणजे परतूर स्टेशनवरून जाणारी रेल्वे. १९०० साली सुरू झालेली हैदराबाद–मनमाड लाईन मीटरगेज होती आणि मनमाडला मुंबईची गाडी ब्रॉडगेज. त्यामुळे मुंबईकडे जाणारा माल मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. राज्य बदललं, रूळ तेच राहिले.

खजिन्याची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. निजाम शरण आला आणि तीनच दिवसांनी, २० सप्टेंबर १९४८ ला, त्याच्या सरकारचे दहा लाखांहून जास्त पौंड लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळवले गेले. पैसे नेमके कोणाचे, हा वाद २०१९ पर्यंत चालला. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास पोचली होती आणि लंडनच्या कोर्टाने भारत व निजामाच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला. ७१ वर्षं! आपल्याकडे बांधाचा दावा लांबला की आपण तलाठ्याला नावं ठेवतो.

राज्य हाती आलं लष्करी गव्हर्नर जनरल जे. एन. चौधरी यांच्या. १९४९ मध्ये जहागिरी बरखास्त झाल्या, १९५० मध्ये कूळ कायदा आला. त्याच जानेवारीत एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले आणि निजाम राजप्रमुख. म्हणजे ज्याच्याविरुद्ध लढलो तोच राज्याचा घटनात्मक प्रमुख! १९५२ च्या निवडणुकीनंतर बूर्गुल रामकृष्ण राव यांचं लोकांनी निवडलेलं सरकार आलं. कारभारात बाहेरच्या प्रांतांतून आलेले अधिकारी बरेच होते. आमच्या नोकऱ्या आम्हाला द्या, म्हणून त्याच वर्षी विद्यार्थी रस्त्यावर आले. हे मुल्की आंदोलन; हैदराबादेत त्यावर गोळीबार झाला, माणसं मेली.

आणि एक गोष्ट, जी भाषणात कधीच येत नाही. रझाकारांनी गावंच्या गावं छळली, हे आपण घरोघरी ऐकलंय आणि ते खरं आहे. पण फौजा आल्यानंतर सूड म्हणून मुसलमानांच्या कत्तलीही झाल्या. नेहरूंच्या सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा २७ ते ४० हजार असावा असा अंदाज दिला. सर्वात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपले नांदेड आणि उस्मानाबाद होते. तो अहवाल दशकानुदशकं लोकांसमोर आला नाही. मला वाटतं, दोन्ही गोष्टी एकाच भाषणात सांगायला हव्यात. त्याने मुक्तिसंग्राम लहान होत नाही.

मग आपलं दक्षिण सुदान का झालं नाही? सरळ कारण असं, की आपण एकटे नव्हतो. नोट गेली तर मागे भारताचा रुपया होता, कारकून नसेल तर शेजारच्या प्रांतातून आणता येत होता, जकात सोडली तरी दिल्लीचा खजिना होता. जुबाच्या मागे असं कोणी नव्हतं. तिथं पहिली सार्वत्रिक निवडणूक पुढे ढकलत ढकलत डिसेंबर २०२६ वर नेण्यात आली. आपल्याकडे ती साडेतीन वर्षांत झाली.

पण मोठ्या घरात राहायला गेलं की चुलीचा निर्णय आपला राहत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेही विनाअट. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र. त्यानंतर ‘अनुशेष’ हा शब्द आपल्याला चिकटला तो चिकटलाच. त्यासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं आणि २०२० मध्ये त्याची मुदतही संपली. परतूरकरांचं तर आणखी एक: १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परभणीतून इकडे आले. ज्या आजीचा जन्म १९४० चा, तिने घर न सोडता तीन राज्यं आणि दोन जिल्हे पाहिले.

या सगळ्याचा आज काय संबंध, असं वाटत असेल तर २०२३ आठवा. आपल्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषण झालं आणि सगळा मराठवाडा कुणबी नोंदी शोधायला लागला. न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. निजामकाळातली दप्तरं उघडली, तर आत उर्दू आणि मोडी. स्वतःच्याच पणजोबांचं नाव वाचायला जाणकार शोधावा लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्याचा निर्णय काढला, तेव्हा हे नाव स्टेटसवर पोचलं.

आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, घरातल्या जुन्या ट्रंकेत पिवळा पडलेला उर्दू कागद असेल तर तो रद्दीत घालू नका. पन्नाशीच्या दशकातलं खासरा पत्रक असेल, कूळ कायद्याचा कागद असेल, सातास सहाचा एखादा व्यवहारही असेल. फोटो काढून ठेवा, आणि मग उर्दू वाचणारे गल्लीतले एखादे चाचा शोधा.