लिनक्सवर रंगलेला विंडोजचा डाव

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस तीन दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी बाजारात आल्या. २५ तारखेला फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा ‘एल्डन रिंग’ हा गेम आला आणि २८ तारखेला व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचं ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळायचं यंत्र. संगणकासाठीचा ‘एल्डन रिंग’ फक्त विंडोजवर चालेल असा लिहिलेला, तर स्टीम डेक चालतं लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर. गंमत अशी झाली, की भारीतलं ग्राफिक्स कार्ड लावलेल्या विंडोज संगणकांवर हा गेम मध्येच अडखळू लागला. नवा प्रदेश समोर आला की चित्र क्षणभर थिजायचं. व्हॉल्व्हच्या अभियंत्यांनी थोड्याच दिवसांत मेख शोधली. ठरावीक जागी पोचलं की गेम ग्राफिक्स कार्डला द्यायच्या आज्ञांचे हजारो गठ्ठे एकदम तयार करायला घ्यायचा, आणि मेमरी सांभाळणाऱ्या भागाची तारांबळ उडायची. अभियंत्यांनी गेमच्या एका ओळीलाही हात लावला नाही. आपल्या बाजूच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी या गठ्ठ्यांसाठी घेतलेली जागा परत परत वापरायची सोय केली. तेव्हा ३९९ डॉलरपासून विकल्या जाणाऱ्या त्या यंत्रावर हा विशिष्ट अडथळा जवळपास नाहीसा झाला. विंडोजवर गेमचं अडखळणं चालूच राहिलं.

ज्या गेमच्या कर्त्यांनी लिनक्सचा विचारही केला नव्हता, तो गेम लिनक्सवर नुसता चालला नाही, एका बाबतीत अधिक सुरळीत चालला. संगणकाच्या इतिहासात अशी उदाहरणं फार नाहीत. हे कसं घडलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

गेम म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या सूचनांची फाइल. प्रोसेसर इंटेलचा असो की एएमडीचा, त्या सूचना विंडोजवर आणि लिनक्सवर अगदी एकच असतात. फरक पडतो तो मागण्यांमध्ये. फाइल उघडून दे, पडद्यावर खिडकी काढ, आवाज वाजव, माउस कुठे आहे सांग, अशा मागण्या गेम सतत ऑपरेटिंग सिस्टिमकडे करत असतो, आणि विंडोजचा गेम त्या विंडोजच्या भाषेत करतो. लिनक्सवर त्या मागण्या ऐकणारं कोणी नसतं, म्हणून गेम सुरूच होत नाही. मग ऐकणारं कोणीतरी बसवलं तर?

हाच विचार घेऊन १९९३ मध्ये बॉब अ‍ॅमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी ‘वाइन’ हा प्रकल्प सुरू केला. तेव्हा विंडोज ३.१ चा जमाना होता आणि लिनक्स जेमतेम दोन वर्षांचं. पुढच्याच वर्षी सूत्रं अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्याकडे आली आणि ती त्यांनी तीन दशकं सांभाळली. वाइनची १.० ही आवृत्ती निघाली जून २००८ मध्ये, म्हणजे सुरुवातीनंतर १५ वर्षांनी. इतका वेळ लागण्याला कारण आहे. विंडोजचं एखादं फंक्शन काय करतं हे मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत लिहिलेलं असतं. पण त्याला चुकीची माहिती दिली तर ते काय उत्तर देतं, हे बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं. आणि गेम लिहिणारे तर घाईत असतात. नकळत ते नेमके अशाच कडेकोपऱ्यांवर अवलंबून राहतात. म्हणून वाइनच्या मंडळींनी हजारो छोट्या चाचण्या लिहिल्या, खऱ्या विंडोजवर चालवून पाहिल्या, उत्तरं टिपून ठेवली आणि तंतोतंत तीच उत्तरं देणारं सॉफ्टवेअर स्वतः नव्याने लिहिलं. मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमची एक ओळही न पाहता. विंडोजच्या काही चुकासुद्धा त्यांना जशाच्या तशा वठवाव्या लागल्या, कारण गेम त्या चुकांवर विसंबून होते. इतकं चिकाटीचं आणि इतकं अदृश्य काम क्वचितच कोणी केलं असेल.

लिनक्स संगणकावर वाइनचा फोल्डर उघडून पाहिला, की या कामाचा अंदाज येतो. आत ‘ड्राइव्ह_सी’ नावाचा फोल्डर असतो. त्यात ‘प्रोग्रॅम फाइल्स’, ‘विंडोज’, त्याच्या आत ‘सिस्टिम३२’. शेजारी विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे सेटिंग्जची नोंदवही, साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये लिहून ठेवलेली असते. गेमला वाटतं आपण सी ड्राइव्हवरच आहोत. पण वाटण्यावर सगळं भागत नाही. विंडोजच्या लेखी फाइलच्या नावातलं मोठं ‘ए’ आणि लहान ‘ए’ एकच. लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं. देवनागरीत लहान-मोठ्या लिपीचा प्रकारच नसल्याने आपल्याला ही अडचण चटकन जाणवत नाही. गेम मोठ्या अक्षरांत नाव सांगून भिंतीचं चित्र मागतो, डिस्कवर ते लहान अक्षरांत पडलेलं असतं, आणि सरळ शोध घेतला तर लिनक्स म्हणतं, अशी फाइलच नाही. अशा वेळी वाइनला अख्खा फोल्डर वाचून जुळणारं नाव हुडकावं लागतं. हजारो फाइली असतील तर यात वेळ जातो. २०१९ मध्ये लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, ५.२ आवृत्तीत एक्स्ट४ या फाइल व्यवस्थेला हवं तिथे लहान-मोठा भेद सोडून देण्याची सोय मिळाली, आणि ती करण्यामागे विंडोजचे गेम हे एक मोठं कारण होतं.

वाइनच्या बरोबरीने दुसरी वाटही चोखाळून झाली होती, गेमची खास लिनक्स आवृत्ती काढण्याची. आयडी सॉफ्टवेअरच्या डेव्ह टेलर यांनी १९९४ मध्येच ‘डूम’ लिनक्सवर आणला होता. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी निघाली. गाजलेले गेम लिनक्ससाठी तयार करून विकणं हाच तिचा धंदा. तो चालला नाही. २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि २००२ च्या सुरुवातीला ती बंद पडली. पण लोकीचे मुख्य प्रोग्रॅमर सॅम लँटिंगा यांनी लिहिलेली ‘एसडीएल’ ही लायब्ररी टिकली, आणि आज ती जगभरच्या असंख्य गेममध्ये वापरली जाते.

व्हॉल्व्ह या क्षेत्रात उतरली २०१२ मध्ये. विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचं दुकान उघडलं होतं, आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर जगणाऱ्या व्हॉल्व्हला त्यात धोका दिसला. कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी तर विंडोज ८ हे संगणक व्यवसायावरचं अरिष्टच असल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हने आपल्या ‘लेफ्ट ४ डेड २’ चे आकडे प्रसिद्ध केले. एकाच संगणकावर विंडोज ७ मध्ये सेकंदाला सुमारे २७० फ्रेम मिळत होत्या आणि उबुंटू लिनक्सवर ३१५. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर रीतसर आलं. २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी ‘स्टीम मशिन’ बाजारात आली आणि आपटली. यंत्र होतं, खेळायला पुरेसे गेम नव्हते. लिनक्सवाले थोडे म्हणून कंपन्या लिनक्स आवृत्ती काढत नव्हत्या, आणि आवृत्ती निघत नाही म्हणून लिनक्सवाले थोडेच राहत होते. या चक्रातून सुटायचं तर गेम कंपन्यांकडे काहीच मागून चालणार नव्हतं.

कोंडी फुटली ती एका गेमच्या ओढीतून. फिलिप रेबोल या प्रोग्रॅमरला ‘निअर: ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता. विंडोजचे गेम चित्रं रंगवण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्ट३डी भाषेत बोलतात. वाइन तेव्हा त्याचं रूपांतर ओपनजीएलमध्ये करायचं, आणि नवे गेम त्यात एक तर रखडायचे नाही तर बिघडायचे. २०१६ मध्ये ‘व्हल्कन’ हा नवा खुला मार्ग निघाला होता, ग्राफिक्स कार्डाच्या अधिक जवळचा. रेबोल यांनी २०१७ मध्ये डायरेक्ट३डी ११ ला थेट व्हल्कनमध्ये बदलणारा ‘डीएक्सव्हीके’ लिहायला घेतला. २०१८ मध्ये व्हॉल्व्हने त्यांना या कामासाठी पैसे द्यायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी २१ ऑगस्टला वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर तुकडे एकत्र बांधलेलं ‘प्रोटॉन’ स्टीममध्ये आलं. वाइनचा पोशिंदा असलेली कोडवीव्हर्स ही कंपनी त्यात भागीदार होती. पहिल्या दिवशी व्हॉल्व्हने फक्त २७ गेमची हमी दिली. मात्र बाकीचे हजारो गेम स्वतःच्या जबाबदारीवर चालवून पाहायचं एक बटणही ठेवलं. खरी कमाल त्या बटणाने केली.

लोकांनी बटण दाबलं आणि लिहायला सुरुवात केली. त्याच वर्षी खेळाडूंनी ‘प्रोटॉनडीबी’ हा खुला संग्रह उभारला. कुठला गेम, लिनक्सचा कुठला अवतार (डिस्ट्रो), कर्नल कितवा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर कोणता, प्रोटॉनची आवृत्ती कोणती, काय केल्यावर चाललं, कुठे क्रॅश झालं, याच्या नोंदी तिथे साठतात आणि त्यावरून गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ किंवा ‘बोर्क्ड’ म्हणजे बोंबललेला असा शेरा मिळतो. एखाद्या गेमच्या नोंदी तारखेप्रमाणे वाचल्या, की सुधारणा डोळ्यांसमोर उलगडते. आधी कोणी लिहितो, सुरूच होत नाही. मग कोणी लिहितो, चालतो, पण मधल्या चित्रफितींच्या जागी दूरदर्शनवर कार्यक्रम नसताना दिसायच्या तशा रंगीत पट्ट्या येतात. यामागेही कारण आहे. अनेक गेममधल्या चित्रफिती पेटंट असलेल्या स्वरूपात असतात, आणि त्या उलगडणारं सॉफ्टवेअर परवान्याशिवाय वाटता येत नाही. व्हॉल्व्हने यावर तोड काढली: चित्रफिती आपल्या सर्व्हरवर दुसऱ्या स्वरूपात बदलायच्या आणि खेळाडूकडे आपोआप पोचवायच्या. त्यानंतरच्या नोंदीत पट्ट्यांची तक्रार नाहीशी झालेली असते.

लिनक्सवरचा खेळाडू तक्रारखोर असतो, असं गेमच्या धंद्यात बरेच जण मानतात. पोलंडमधल्या एका छोट्या स्टुडिओने २०२१ मध्ये आपले आकडे मांडून त्याला उत्तर दिलं. त्यांच्या ‘डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न’ या गेमच्या सुमारे १२,००० प्रती खपल्या होत्या. त्यातल्या जेमतेम ७०० लिनक्सवाल्यांनी घेतल्या, म्हणजे ५.८ टक्के. आलेल्या १,०४० तक्रारींपैकी मात्र सुमारे ४०० त्यांच्या, म्हणजे ३८ टक्के. इथवर वाचणाऱ्याला वाटेल, लिनक्सच्या नादी न लागलेलंच बरं. पण त्या ४०० पैकी फक्त ३ बिघाड खास लिनक्सचे निघाले. बाकीचे सगळ्यांनाच छळणारे होते. विंडोजवाले ते मुकाट्याने सोसत होते, इतकंच. शिवाय लिनक्सवाल्यांच्या तक्रारीत नेमकं काय केल्यावर बिघाड होतो, तो पुन्हा कसा घडवायचा, लॉग काय सांगतो, हे सगळं व्यवस्थित लिहिलेलं असायचं. पगारी परीक्षकांकडून करून घ्यावं असं काम गिऱ्हाईक आपण होऊन करत होतं. माझ्या मते लिनक्सवरच्या गेमिंगचा खरा पाया हाच आहे. व्हॉल्व्हचा पैसा महत्त्वाचा खराच, पण या नोंदींशिवाय तो पैसा कुठे लावायचा हे कळलं नसतं.

या सगळ्याचा परिणाम लिनक्सच्या गाभ्यापर्यंत पोचला. काही गेमची चोरीविरोधी यंत्रणा विंडोजच्या लायब्ररींना वळसा घालून सरळ कर्नललाच क्रमांकाने हाक मारते. त्या क्रमांकाचा लिनक्समध्ये अर्थ भलताच. २०२१ मध्ये ५.११ आवृत्तीत कर्नल अशी हाक अडवून वाइनकडे परत सोपवायला शिकला. एकाच वेळी अनेक घटनांची वाट पाहत थांबण्याची विंडोजची पद्धत हुबेहूब वठवणं वर्षानुवर्षं जड जात होतं. मार्च २०२५ मधल्या ६.१४ आवृत्तीत कोडवीव्हर्सच्या एलिझाबेथ फिगुरा यांचा ‘एनटीसिंक’ ड्रायव्हर वापरण्याजोगा होऊन ते कामही थेट कर्नलमध्येच होऊ लागलं.

एक दार मात्र बंद आहे. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर असतं. त्यातल्या ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या यंत्रणांनी २०२१ मध्ये प्रोटॉनला पाठिंबा दिला, पण तो चालू करायचा की नाही हे प्रत्येक गेम कंपनी ठरवते. ‘एपेक्स लीजेंड्स’ने २०२२ मध्ये तो दिला आणि लबाडीचं कारण सांगून ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस काढून घेतला. रायट कंपनीचं ‘व्हॅनगार्ड’ तर विंडोजच्या कर्नलमध्येच जाऊन बसतं, म्हणून तिचा ‘व्हॅलोरंट’ लिनक्सवर चालतच नाही. ‘व्हॅलोरंट’चे सर्व्हर मुंबईत आहेत आणि आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये तो आवडीने खेळला जातो. त्यामुळे एरवी लिनक्सवर कोडिंग करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला या एका गेमपायी त्याच संगणकावर विंडोजही ठेवावं लागतं. ज्याचा कर्नल कोणीही बदलू शकतो त्या सिस्टिमवर विश्वास कसा ठेवायचा, हा कंपन्यांचा प्रश्न अगदीच पोकळ नाही. पण मूठभर लबाडांपायी प्रामाणिक खेळाडूंना बाहेर ठेवणं न्यायाचं वाटत नाही. तपासणीचं काम खेळाडूच्या संगणकाऐवजी कंपनीच्या सर्व्हरवर जास्तीत जास्त करणं हा मार्ग कठीण असला, तरी त्यावर नेट लावायला हवा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. त्याच महिन्यात स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. एके काळी कित्येक वर्षं तो १ टक्क्याच्या आसपास घुटमळत होता. पुढच्याच महिन्यात व्हॉल्व्हने ‘स्टीम फ्रेम’ हा डोक्यावर चढवायचा संच जाहीर केला. त्यातही लिनक्सच आहे, पण प्रोसेसर मोबाइलमधल्यासारखा एआरएम जातीचा. म्हणजे आजवर ज्या एका गोष्टीचं भाषांतर करावं लागत नव्हतं, त्या प्रोसेसरच्या सूचनाही तिथे बदलून घ्याव्या लागतात. ते काम करणाऱ्या ‘फेक्स’ या खुल्या प्रकल्पाला व्हॉल्व्ह कित्येक वर्षं आधीपासून पैसे पुरवत आली आहे.