गिऱ्हाईक ध्यानात ठेवण्याच्या सात सुरस गोष्टी

माल चोख हवा, भाव रास्त हवा. पण गिऱ्हाईक टिकतं ते त्याची आठवण ठेवणाऱ्याकडे. आज ही आठवण ठेवतं सीआरएम, म्हणजे ग्राहकांशी असलेले संबंध सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याची कूळकथा मोठी रंजक आहे.

१. निवडणुकीतली फाइल
जेम्स फार्ली हे १९३२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या प्रचाराचे सूत्रधार. भेटलेल्या माणसांची आणि त्यांच्या बायकामुलांची माहिती ते टिपून ठेवत. पुढच्या भेटीआधी टिपण चाळलं, की ओळख ताजी! अशा नोंदींना ‘फार्ली फाइल’ हे नावच पडलं.

२. सगळंच ‘डेक्स’
टेबलावर गरगर फिरणारी नाव-पत्त्यांच्या कार्डांची रोलोडेक्स १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या आर्नल्ड न्यूस्टाटर यांच्या कंपनीतून आली. त्यांच्याकडे शाई न सांडणारी दौत होती स्विवोडेक्स आणि कागदाला भोकं पाडणारं यंत्र पंचोडेक्स!

३. कार्डं संगणकात शिरली
१९८७ मध्ये ‘ॲक्ट!’ हे सॉफ्टवेअर आलं. फोन नंबर, भेटीची वेळ आणि मागचं बोलणं, सगळं एकाच जागी. फिरत्या विक्रेत्यांची मोठीच सोय झाली.

४. जुन्या मालकानेच घेतली
ओरॅकल ही सॉफ्टवेअर कंपनी सोडलेल्या टॉम सिबेल यांनी १९९३ मध्ये सिबेल सिस्टिम्स काढली आणि सीआरएमच्या क्षेत्रात दबदबा निर्माण केला. २००५ मध्ये ती विकत घ्यायला पुढे आली ओरॅकलच! किंमत ५८५ कोटी डॉलर.

५. नटांचा मोर्चा
सीआरएम पुरवणारी सेल्सफोर्स ही कंपनी १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सुरू झाली. सीडी नको, इन्स्टॉल करणं नको, इंटरनेटवरच सगळं. पुढच्याच वर्षी सिबेलच्या परिषदेबाहेर सेल्सफोर्सने नट आणून ‘सॉफ्टवेअर हटाव’चा लुटुपुटूचा मोर्चा काढला. सोबत खोटी टीव्ही टीमही होती!

६. तीन अक्षरांची मालकी
२००४ मध्ये सेल्सफोर्स न्यूयॉर्क शेअर बाजारात उतरली. तिथे तिच्या शेअरची ओळख-अक्षरं कोणती? ‘सीआरएम’!

७. तेनकासीचा झेंडा
१९९६ साली ॲडव्हेंटनेट नावाने सुरू झालेल्या आपल्या झोहोने २००५ मध्ये स्वतःचं सीआरएम आणलं. पुढे तमिळनाडूतल्या तेनकासीसारख्या लहान ठिकाणी कार्यालय थाटून जगभरच्या ग्राहकांसाठी काम करता येतं, हे या कंपनीने दाखवून दिलं.

फाइल असो वा क्लाउड, टिपणारा माणूस मनापासून टिपत नसेल तर सारं फुकट. तेव्हा दुकान छोटं असो की मोठं, आजपासून एवढं कराच: गिऱ्हाइकाचा नंबर त्याला विचारूनच नोंदवा, दिलेला शब्द तारखेसकट लिहा आणि त्या दिवशी न विसरता फोन करा. नाव काढून टाका म्हणाला, तर लगेच काढा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही संमती हाच आहे.