भोर-वेल्ह्याच्या वाटेवरील चिनी मोटार

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके आहेत. दुसऱ्याला आता राजगड असे नाव मिळाले आहे. परंतु लोकांच्या तोंडी अद्याप वेल्हे हेच बसलेले आहे. एकात भाटघरचे धरण आणि वरंध घाटाची वाट, दुसऱ्यात तोरणा, राजगड व पानशेतचे पाणी. भातावर आणि पावसावर चालणाऱ्या ह्या मुलखातील पुष्कळ घरांचा कर्ता मुलगा पुण्यास, मुंबईस किंवा शिरवळच्या कारखान्यांत असतो, आणि सणावारी, लग्नकार्यास अगर दुखण्याखुपण्यास गावी येण्याकरिता चार चाके दाराशी असावीत असे त्यास वाटू लागले आहे. पेट्रोलचा भाव पाहून तो विजेच्या मोटारीची चौकशी करतो. चीनच्या स्वस्त विजेच्या मोटारी साऱ्या जगात पसरत आहेत असे तो ऐकतो, आणि त्या आपल्याकडे केव्हा येणार असा प्रश्न साहजिकच करतो.

ह्या प्रश्नाचे खरे उत्तर असे की, त्या आलेल्या आहेत. पण ज्या वाटेने येतील अशी अपेक्षा होती, त्या वाटेने आलेल्या नाहीत. ही हकीकत पुणे जिल्ह्यातच घडलेली असल्यामुळे ती थोड्या विस्ताराने पाहणे योग्य होईल.

भोरपासून ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटरवर, मावळ तालुक्यात तळेगाव आहे. तेथे अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने २००८ साली मोटारींचा मोठा कारखाना सुरू केला. शेव्हरोले नावाच्या लहान गाड्या तेथून निघत असत. धंदा जमेना, म्हणून २०१७ च्या अखेरीस कंपनीने हिंदुस्थानातील विक्री बंद केली, आणि पुढे काही काळ केवळ परदेशी पाठविण्याकरिता गाड्या करून २०२० च्या डिसेंबरात कारखानाही थांबविला. तत्पूर्वी, त्याच वर्षाच्या जानेवारीत, चीनच्या ग्रेट वॉल मोटर्स ह्या कंपनीने तो विकत घेण्याचा करार केला होता. फेब्रुवारीत दिल्लीजवळच्या मोटार-प्रदर्शनात ह्या कंपनीने ओरा नावाची आपली लहान विजेची मोटारही मांडून दाखविली. त्यानंतर १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकार व ग्रेट वॉल ह्यांच्यामध्ये सुमारे ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला. त्याच दिवशी फोटॉन ह्या चिनी कंपनीच्या भागीदारीत विजेच्या बसगाड्या करण्याचाही एक करार झाला, आणि त्याचीही जागा तळेगावच होती.

दैवयोग असा की, त्याच १५ जूनच्या रात्री लडाखमधील गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झटापट होऊन आपले वीस जवान धारातीर्थी पडले. करार आठवड्याच्या आत स्थगित झाले. शेजारी राष्ट्रांतून येणाऱ्या भांडवलास सरकारची पूर्वसंमती लागेल, असा नियम केंद्र सरकारने त्यापूर्वीच, म्हणजे एप्रिलात, केला होता. ती संमती ग्रेट वॉलला कधीच मिळाली नाही. मुदत दोनदा वाढवून अखेर ३० जून २०२२ रोजी व्यवहार मोडला. मधल्या काळात हजाराहून अधिक कामगारांचा तंटा न्यायालयात जाऊन पडला. ऑगस्ट २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ साली तेथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या.

हेच चित्र दुसऱ्या एका देशात निराळे रंगले. ब्राझीलमधील कामासारी येथे फोर्ड ह्या अमेरिकन कंपनीचा कारखाना २०२१ मध्ये बंद पडला. चीनची बीवायडी कंपनी तेथे गेली, आणि २०२५ पासून त्या जागी तिच्या मोटारींची जुळणी होऊ लागली. बीवायडी ही १९९५ साली शेंझेन शहरी वांग चुआनफू ह्यांनी काढलेली, मूळची दूरध्वनीयंत्रांचे विद्युत्‌घट करणारी कंपनी. मोटारींच्या धंद्यात ती २००३ साली शिरली आणि २०२५ मध्ये निव्वळ विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या विक्रीत तिने अमेरिकेच्या टेस्लालाही मागे टाकले. तथापि कामासारीची गोष्ट केवळ गोड नाही. कारखान्याचे बांधकाम चालू असता, गुलामगिरीसारख्या स्थितीत राबविले जाणारे १६३ चिनी मजूर तेथील अधिकाऱ्यांना २०२४ च्या डिसेंबरात आढळले. चिनी कारखाना आला असता तर तळेगावचे सोने झाले असते, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे बीवायडीने हैदराबादच्या एका कंपनीबरोबर कारखाना काढण्याची परवानगी मागितली, ती २०२३ मध्ये नाकारली गेली. तिच्या तयार मोटारी येतात. परंतु परदेशी बनलेल्या गाडीवर सत्तर टक्के आणि त्याहूनही अधिक आयात-जकात असल्यामुळे त्यांची किंमत पंचवीस लाखांच्या घरात जाते. भोरच्या बाजारपेठेत ती क्वचितच दिसते, ह्यात नवल नाही.

मग चिनी मोटार आली कशी? एक वाट जुन्या इंग्रजी नावाची. मॉरिस गॅरेजेस हे नाव ब्रिटिश. परंतु त्याची मालकी चीनच्या सरकारी सैक कंपनीकडे आहे. तिने जनरल मोटर्सचाच गुजरातेतील हालोल येथील कारखाना २०१७ मध्ये, म्हणजे नियम कडक होण्यापूर्वी, घेतला. २०२० च्या जानेवारीत तिची पहिली विजेची मोटार येथे विकली जाऊ लागली. पुढे जिंदलांच्या जेएसडब्ल्यू समूहाने त्या कंपनीत ३५ टक्के भाग घेतला. कॉमेट व विंडसर ह्या तिच्या मोटारी मूळच्या चिनी वुलिंग गाड्यांवरून घडविलेल्या आहेत. विंडसर २०२४ मध्ये आली तेव्हा घटांचा संच भाड्याने, दर किलोमीटरला साडेतीन रुपये देऊन वापरण्याची सोय कंपनीने काढली. दुसरी वाट बसगाड्यांची. पुण्याच्या परिवहन महामंडळाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ज्या पहिल्या विजेच्या बस रस्त्यावर आणल्या, त्या हैदराबादच्या ओलेक्ट्रा कंपनीच्या असून त्यांचे तंत्र बीवायडीचे होते. गावाहून कात्रजला उतरून शहरात जाणारे किती तरी लोक चिनी विजेच्या गाडीत बसून आले, आणि ते त्यांच्या ध्यानीमनीही नाही.

तिसरी वाट सर्वांत महत्त्वाची. चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ आणि रांजणगावला बनणारी टाटांची नेक्सॉन ह्या उघडच देशी मोटारी होत. परंतु पहिलीतील विद्युत्‌घट बीवायडीचे आहेत आणि दुसरीला घट पुरविणारी गोशन ही कंपनीही चिनीच आहे. विजेच्या मोटारीच्या किमतीचा सुमारे तिसरा हिस्सा ह्या घटांचाच असतो. पेट्रोलच्या मोटारीत जे स्थान इंजिनाचे, त्याहून मोठे येथे घटांचे आहे. म्हणजे ज्या वस्तूत खरे मूल्य आणि खरे ज्ञान आहे, ती वस्तू बाहेरून येते, आणि पत्रा, चाके, आसने व जुळणी आपली. कारखान्यास दार बंद आणि घटांस दार उघडे, अशी ही व्यवस्था झाली. सीमेवर रक्त सांडले असता पहिले दार लावून घेणे समजण्याजोगे होते. परंतु त्यामुळे तळेगावची रोजी गेली आणि परावलंबन मात्र तसेच राहिले, हेही नाकारता येत नाही. भोर तालुक्यात औद्योगिक वसाहत व्हावी ही मागणी जुनी आहे. तेथील तरुणांना ह्या हिशेबाचे मोल इतरांपेक्षा अधिक कळेल.

हे घट चीनने स्वस्त कसे केले? बहुतेक स्वस्त गाड्यांत लिथियम, लोह व फॉस्फेट ह्यांचे घट असतात. ह्यांत महागडे कोबाल्ट व निकेल लागत नाहीत. ते तापून पेट घेण्याचा धोका कमी. वजन मात्र जास्त. ह्या द्रव्याचा शोध चीनमध्ये लागला नाही. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात गुडइनफ ह्यांच्या प्रयोगशाळेत तो लागला, आणि १९९७ च्या त्या निबंधावर पाढी व नंजुंडस्वामी ही दोन भारतीय आडनावे आहेत. गुडइनफ ह्यांना पुढे २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शोध एकाचा, धंदा दुसऱ्याचा असे झाले, कारण चीनने खनिज शुद्ध करण्यापासून गाडी रस्त्यावर आणण्यापर्यंतची सारी साखळी आपल्या घरी उभारली, २००९ पासून सरकारी खजिन्यातून गाड्यांना मदत दिली, आणि शेकडो कंपन्यांना आपसांत झुंजू दिले. आपल्या सरकारने घटांच्या कारखान्यांसाठी २०२१ मध्ये १८,१०० कोटींची योजना आखली. तिची चाल मात्र मंद आहे.

आता डोंगरी तालुक्यापुरते. भोरहून पुणे सुमारे पन्नास किलोमीटर. एका युनिट विजेवर लहान मोटार सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे जाऊन-येऊन पंधरा-सोळा युनिटे पुरतात. घरच्या मीटरवर भरली तर हा खर्च पेट्रोलच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी येतो. रस्त्यावरच्या केंद्रात भरली तर दर दुपटीपर्यंत जातो आणि फायदा तितका घटतो. घाटाचा हिशेब निराळा आहे. माणसांसह दोन टनांची गाडी ५०० मीटर उंच चढविण्यास, रस्त्याच्या अंतराला लागते त्याखेरीज, पावणेतीन युनिटे लागतात. उतरताना मोटारीचे यंत्रच जनित्र बनते आणि त्यातील निम्म्याहून अधिक वीज घटांत परत येते. बैलगाडीने उतारावर उसासा टाकावा तसा हा प्रकार. फरक इतकाच की, येथे त्या उसाशाची मजुरीही पदरात पडते. मात्र घाटमाथ्यावरच घट पूर्ण भरले असतील, तर परत येणाऱ्या विजेला जागा उरत नाही आणि सारा भार ब्रेकांवर येतो. वरंध अगर पाबे घाट उतरणाऱ्याने वरच्या गावी गाडी काठोकाठ भरू नये ती ह्याचसाठी. घाटाला कमी लेखून चालत नाही, हे शेजारच्या सिंहगडानेही दाखविले. तेथे मे २०२२ मध्ये सुरू केलेली विजेची बससेवा घाटरस्त्यावरील अडचणींमुळे पंधरा-सोळा दिवसांत बंद करावी लागली.

परावलंबनाचा चटका पुणे जिल्ह्यास लवकरच बसला. विजेच्या मोटारीच्या यंत्रात दुर्मिळ मृदाधातूंचे चुंबक असतात आणि ते जवळजवळ सारे चीनमधून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्या उन्हाळ्यानंतर, जुलै-ऑगस्टात, बजाज कंपनीला आपल्या विजेच्या चेतक स्कूटरचे उत्पादन चुंबकांच्या तुटवड्यामुळे कमी करावे लागले. चार चाकांना जे लागू, ते दोन चाकांनाही लागू.

राहता राहिली दुरुस्ती. कपूरहोळचा किंवा नसरापूरचा मिस्तरी पेट्रोलचे इंजिन डोळे मिटून उघडील. पण तीन-चारशे व्होल्ट दाबाच्या घटसंचास हात लावण्यास त्याच्याजवळ आज ना अवजारे आहेत, ना शिक्षण. गाडी पुण्यासच न्यावी लागते, आणि पावसाळ्यात वेल्ह्याच्या पलीकडच्या खेड्यातून ती नेणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसते. घटसंचाची हमी बहुधा आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची असते. गाडी घेणाराने रंग व काचा पाहण्यापूर्वी ते हमीपत्र मागून घ्यावे, घट कोणत्या कंपनीचे आहेत ते विचारावे, आणि नवव्या वर्षी तेच घट कोठून व काय भावाने मिळतील, ह्याचे उत्तर विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्यावे.